रूथबाईसाठी प्रार्थना

मंडळी, आधी एक सांगा — वैऱ्यावर सूड उगवायचा, अन् पाप मात्र लागू द्यायचं नाही, असा काही उपाय आहे का? नाही म्हणता? अहो, आहे! गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, अन् त्याच्यासाठी प्रार्थना करायची! हसू नका. ऐका.

एका गावात एस्तेरबाई राहायची. लेकीचं लग्न ठरलेलं, साखरपुडा झालेला. शेजारची रूथबाई वराकडच्यांना सांगून आली — "पोरीला फिट येते हो!" झालं! लग्न मोडलं. पोरीला लहानपणी एकदा, तापात, फिट आली होती, तेवढंच! एस्तेरबाईचं काळीज जळालं. का जळू नये? तुमचं जळलं नसतं?

पण बाई पडली ख्रिस्ती! शिवी देता येईना. मग दर बुधवारी प्रार्थनासभेत, रूथबाई समोर बसलेली असताना, हिनं सूर लावायचा — "हे दयाळू बापा, रूथबाईच्या विषारी जिभेला क्षमा कर! तिच्या दारुड्या लेकाला क्षमा कर! तिचा नवरा तिला का सोडून गेला, तुला ठाऊक आहे, बापा!" अहो, बापाला ठाऊक आहे, तर एवढ्या मोठ्यानं कुणासाठी? शेजाऱ्यांसाठी! अन् सगळी सभा म्हणायची, "आमेन!" गोड बोलून गळा कापणारे पुष्कळ पाहिले, मंडळी, प्रार्थना करून कापणारी ही पहिलीच!

रूथबाई सभेला यायची थांबली. पुढे अंथरुणाला खिळली. आता काही खरं नाही, असं दिसल्यावर तिनं निरोप धाडला — एस्तेरबाईला बोलवा.

एस्तेरबाई गेली. रूथबाई म्हणाली, "चुकले गं बाई. तुझ्या पोरीचं वाटोळं केलं मी. पण ते बुधवारचं नको आता. माझ्यासाठी काहीतरी चांगलं माग त्याच्यापाशी."

एस्तेरबाईनं खाटेशी गुडघे टेकले. अन् आठवलं हो तिला! ती पोर जन्मली, तेव्हा हीच रूथबाई उशाशी बसली होती, हिनंच बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घातलं होतं. शब्द अगदी ओठांवर आले! पण ते बोलायचं म्हणजे राग खाली ठेवायचा. इतकी वर्षं उराशी धरलेला राग — तो इथं टाकला, तर घरी काय घेऊन जायचं? तिनं डोळे घट्ट मिटले.

"हे दयाळू बापा, रूथबाईच्या विषारी जिभेला क्षमा कर —"

रूथबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. हळूच म्हणाली, "आमेन." संध्याकाळी गेली.

एस्तेरबाईला नावं ठेवू नका, मंडळी! चला, आपण प्रार्थना करू. डोळे मिटा. आपापला वैरी डोळ्यांपुढे आणा — आलाच असेल, त्याला आमंत्रण लागत नाही! त्याच्यासाठी एक, फक्त एक चांगली गोष्ट मागा. मोठ्यानं मागा.

का हो? एवढी भरलेली सभा — अन् एकाचाही आवाज फुटेना?