चार पाती

औषधांच्या दुकानापुढची रांग हलायचं नाव घेत नव्हती. पुढे उभ्या असलेल्या दोघी मैत्रिणींचं बोलणं ऐकायची शिंपीणबाईंना काही हौस नव्हती, पण कानांना झाकण थोडंच असतं?

"आज सकाळपासून सहा वेळा उठले. दार उघडावं तर कोणीतरी उभं. म्हणे, 'काकू, गवती चहाची चार पाती द्या.'"

"अख्ख्या इमारतीचा मक्ता घेतलायस तू. मी बाई चहाच सोडला, सुटले."

"घाईनं तोडायला जावं तर पात कापते. ही बोटं बघ."

"स्वतः तरी पितेस का?"

"कुठलं. त्या वासानं माझं डोकं उठतं. ह्यांना आवडायचा म्हणून लावला होता."

"भावजी तर आता नळीनंच जेवतात. मग ती कुंडी खाली गेटपाशी ठेव ना. ज्याला हवं तो तोडून नेईल. तुझी उठबस तरी वाचेल."

"नको गं."

"का नको?"

"बेल वाजली की हे दाराकडे मान वळवतात. मी वर्षभर हाका मारतेय, माझ्याकडे एकदाही वळवली नाही."

रांग एक पाऊल पुढे सरकली.

"संध्याकाळी येते मी. चार पाती काढून ठेव."

"तू तर चहा सोडलास ना?"

"येते म्हटलं ना."

"बरं, ये. दार उघडंच असेल. पण बेल वाजव."