गाण्याचा अर्थ सांगायचा राहिला होता

झोळीत विराजमान आजचे अध्यक्ष, आपल्या बेटाचे प्रमुख, साग्ला ओलोविनिगदी. शेजारच्या झोळीतले दुसरे साग्ला तेओदुल्फोकाका. बढतीवर राजधानीला निघालेले सत्कारमूर्ती बेतांकूर साहेब. आणि बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो,

साहेबांविषयी चार गोड शब्द बोल, असं मला बजावलंय. बोलतो. साहेब हसतमुख आहेत. नारळाच्या रशातला मासा त्यांना फार आवडतो. मुलांना त्यांनी फुटबॉल दिला. झालं गोड बोलून. आता मी पडलो अर्गार, साग्लांच्या गाण्याचा अर्थ उलगडून सांगणारा. तेवढं माझं काम करू द्या.

मागच्या उन्हाळ्यात साहेब याच सभाघरात आले आणि समोरच्या किनाऱ्यावर, नदीच्या मुखाशी धक्का अन् हॉटेल बांधू म्हणाले. साग्लांनी रीतीप्रमाणे गाण्यातून उत्तर दिलं. पाहुण्याला झोळी टांगायला जागा दिली, तर त्यानं घराचा खांबच उपटला, अशी ती गोष्ट. दर कडव्याला तेओदुल्फोकाका 'देगी' म्हणत होते. देगी म्हणजे काय हो? 'असं आहे, ऐकतोय, पुढे गा.' नुसता हुंकार! आपलं शेंबडं पोरही सांगेल.

गाणं संपलं की अर्गार उठतो, तेव्हा कुठं सभेचं म्हणणं कळतं. मी उठलो, तोवर साहेब निघालेसुद्धा. होडी चुकत होती म्हणे. राजधानीत जाऊन सांगितलं काय? "म्हाताऱ्यानं दर कडव्याला होकार दिला."

साहेब, हसू नका. मघाशी कोको पिताना 'गैरसमज झाला' म्हणालात. तो दूर करायला आम्ही तुमच्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसलो, तेव्हा तुम्ही मागच्या दारानं गेलात. याला आम्ही लबाडी म्हणतो.

परवा मोजणीवाले आले. नदीकाठी आपण आपली माणसं झोळीत निजवून पुरतो, नेमक्या तिथंच त्यांनी खुंट्या मारल्या. नागिर्याई आजी एकट्या होडी वल्हवत गेल्या. "माझ्या नवऱ्याच्या छातीवर खुंटी ठोकतोस, मेल्या? आधी त्याला उठवून विचार." मोजणीवाला म्हणाला, "तुमच्याच काकांनी हो म्हटलंय."

तेव्हापासून काकांनी तोंड मिटलंय. साग्ला गायला बसतात, आणि हुंकार द्यायला कुणी नाही. गाणं पहिल्याच कडव्याला थांबतं. काका, मान वर करा. तुमचं काही चुकलेलं नाही, हे मी सगळ्यांदेखत सांगतो.

तर त्या गाण्याचा राहिलेला अर्थ ऐका, साहेब. धक्का नाही. हॉटेल नाही. इथला कारभार इथल्या सभेनं करायचा, हे तुमच्याच कायद्यात आहे. उद्या तुमची होडी नदीच्या मुखावरून जाईल, तेव्हा बेटावरच्या सगळ्या होड्या तिथं उभ्या असतील. तुम्हाला वाट देऊ. खुंट्या घेऊन येणाऱ्यांना देणार नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर साहेबांनी तेवढं पोटात घालावं. नदी मात्र घालू देणार नाही.