प्रार्थनेला रीटेक नाही

...आणि वर मलाच म्हणते, "आजोबा, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय!" फ्रेममध्ये येताय! मला! अहो, ज्या माणसाने एकवीस वर्षं अख्ख्या चर्चला फ्रेममध्ये बसवलं, त्याला कालची पोर सांगते, फ्रेममध्ये येताय! नात आहे हो माझी, दुसरं कोण बोलणार? दर रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मोबाइलवरून लाइव्ह दाखवते. म्हटलं, "किती जण बघतात गं?" म्हणे, "एकोणचाळीस." त्यातले अकरा तर चर्चमध्येच बसलेले असतात, मी मोजलेत! समोर खरेखुरे फादर उभे आणि हे माना खाली घालून मोबाइलमधले फादर बघतायत! आणि परवा प्रार्थनेत कुणी खोकलं, तर ही उठून म्हणते, "फादर, तेवढं परत म्हणा ना." आणि फादरांनी म्हटलं हो! परत म्हटलं! मी बाकावर बसल्या जागी कानांवर हात ठेवले. आमच्या वेळच्या फादरांनी ऐकलं असतं ना... आमच्या फादरांचा एकच नियम. प्रार्थनेला रीटेक नाही!

तुम्हाला सांगतो, आमचा स्टुडिओ म्हणजे काय, तर चर्चच्या मागची खुर्च्या ठेवायची खोली. खुर्च्या बाहेर काढल्या आणि आत टेलिव्हिजन केंद्र सुरू झालं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवायचे होते, मग फादरांनी मिस्सेत जाहीर केलं, "घरोघरी अंडी खा आणि ट्रे आणून द्या." तीन महिने लोकांनी धर्मकार्य समजून अंडी खाल्ली! दिवे लावले की भिंती तापायच्या, आणि भिंती तापल्या की असा काही वास सुटायचा... पण खरं सांगू? त्या वासाची आजही आठवण येते. कुठे ऑम्लेटचा वास आला की मला कॅमेरा चालू करावासा वाटतो.

माणसं किती? तीन. फादर म्हणजे निर्माते, दिग्दर्शक, लेखक आणि बहुतेक वेळा नट. कॅमेऱ्यावर मी. आणि आवाज टिपायला आमचा घंटेवाला. चर्चची घंटा वाजवायचं काम त्याचं, त्यामुळे ठरलेल्या वेळी हा हेडफोन काढून ठेवायचा आणि घंटा वाजवायला निघून जायचा! आवाज टिपणाराही हाच आणि आवाजाची वाट लावणाराही हाच! "अरे, आजच्या दिवस जरा उशिरा वाजव." "फादर, बावीस वर्षांत उशीर केला नाही, आता तुमच्या टीव्हीसाठी करू?" झालं. शूटिंग थांबलं.

कार्यक्रम काय, तर टेबल, टेबलावर प्लॅस्टिकची फुलं, फुलांमागे फादर, आणि अठ्ठावीस मिनिटं प्रवचन. आठवड्यातून एकदा, दुपारी अडीच वाजता. म्हणजे देवसुद्धा जरा आडवा होत असेल अशा वेळी! अकरा वर्षं आम्ही हे केलं, बोला! आणि अकराव्या वर्षी, ज्या मोठ्या चॅनेलवर हे लागायचं त्याच्या बाई आल्या. केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक कापलेलं.

"फादर, हा कार्यक्रम कोण बघतं?"

"सगळे बघतात."

"सगळे म्हणजे?"

खोटं बोलता येत नाही ना बिचाऱ्यांना! म्हणाले, "मठातल्या सिस्टर्स बघतात."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी संध्याकाळी सातची वेळ रिकामी होतेय. तेरा आठवडे, अर्धा तास. पण घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावं असं काहीतरी द्या. चर्चची पायरी कधी चढला नाही त्यालाही बघावंसं वाटलं पाहिजे. टेबल नको. फुलं तर नकोतच! तीन आठवड्यांत नमुन्याचा एक भाग दाखवा. आवडला तर ठीक, नाहीतर दुपारचं अडीचही बंद."

म्हणजे खोलीत पुन्हा खुर्च्या! फादर दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारात. सायकल अजून हातात, आणि म्हणतात, "सापडलं! दर आठवड्याला एक घर! खरं घर! संध्याकाळी काय चालतं तेच दाखवायचं. स्वयंपाक, भांडणं, अभ्यास, आणि शेवटी सगळे मिळून म्हणतात ती जपमाळ. अरे, मला दुसरं काही नको. माणसं दिवसातून एकदा एका जागी यावीत, मोबदल्यात मला हवं तर नरकात टाका!" फादर असं बोलले म्हणजे बघा, किती खूश असतील. आणि लगेच बोट वर, "पण एक लक्षात ठेव. भांडण परत घे, जेवण परत घे. प्रार्थनेला रीटेक नाही!"

नमुन्याला घर निवडलं शिंप्याचं. बायको, दोन मुली, म्हातारी आई. भांडण तर असं झालं, की काय सांगू! बायको म्हणते, "गावाचे कपडे वेळेवर, आणि घरच्या पडद्याला चार वर्षं झाली!" शिंपी म्हणतो, "कॅमेरा चालू आहे." "चालू असू दे! कळू दे सगळ्यांना!" मी मनात म्हटलं, मारलं मैदान! मग सात वाजले, सगळी माणसं गुडघ्यावर बसली, म्हातारीने जपमाळ काढली आणि सुरुवात केली, "पिता, पुत्र..."

आता मला एक सांगा. तुम्ही लहानपणापासून रोज संध्याकाळी हे शब्द ऐकलेत. ऐकले की तुमचा हात काय करतो? आपोआप कपाळाकडे जातो! माझाही गेला! पण हातात कॅमेऱ्याचा दांडा होता ना हो! तो दांडा धरूनच मी क्रुसाची खूण केली! चित्रात काय आलं? आधी जमीन, मग छत, मग उजवीकडचं शिलाई मशीन, मग डावीकडचं कपाट! कॅमेऱ्याने क्रुसाची खूण केली! बरं, तिथे तरी सावरावं? नाही! मी गुडघ्यावर बसलो आणि डोळे मिटले. का? अहो, आईने लावलेली सवय! डोळे उघडे दिसले तर पाठीत धपाटा! पंचेचाळिशीचा बाप्या मी, पण पाठीला धपाटा आठवत होता. आणि घंटेवाला? मायक्रोफोन स्वतःच्या तोंडासमोर धरून तोच सगळ्यांत मोठ्याने, "आमेन!"

डोळे उघडले तेव्हा काय बघतो, कॅमेऱ्याने मान टाकलेली. हळूहळू खाली गेला होता आणि शिंप्याच्या पायांवर थांबला होता. शिंप्याचा मोजा. मोज्याला भोक. भोकातून अंगठा. बारा मिनिटं! गावाचं उसवलेलं शिवणारा माणूस, आणि त्याचा अंगठा बारा मिनिटं जपमाळ म्हणतोय!

मी फादरांचे पाय धरायचे बाकी ठेवले. "फादर, एकदाच. माझी चूक आहे. त्यांना म्हणा परत बसा."

"ते देवाशी बोलले. आता देवाला काय सांगू? मघाशी बोललेलं जरा विसर, यांच्या कॅमेऱ्याला दिसलं नाही? नाही म्हणजे नाही. प्रार्थनेला रीटेक नाही!"

गेलो तसेच चॅनेलवाल्या बाईंकडे. बाई बघतायत, आम्ही बाईंकडे बघतोय. भांडणाला बाई हसल्या. कॅमेऱ्याने क्रुसाची खूण केली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. मग आला मोजा. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाई म्हणाल्या, "हा मोजा किती वेळ आहे?"

"बारा मिनिटं," मी म्हटलं.

"दोन ठेवा." आणि उठल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या, "असा मोजा प्रत्येकाच्या घरी असतो. तेरा आठवडे दिले. पण प्रार्थनेआधी त्या कॅमेऱ्याला घट्ट आवळा, आणि मग काय डोळे मिटायचे ते मिटा."

तुम्हाला सांगतो, काय चालला कार्यक्रम! आपले लोक बघायचेच, पण ज्यांचा चर्चशी संबंध नाही तेही बघायचे. न्हावी माझी अर्धी दाढी करून विचारायचा, "त्या तिसऱ्या घरातल्या म्हातारीचा गुडघा कसा आहे हो?" औषधाच्या दुकानातल्या बाईंनी त्या गुडघ्यासाठी मलम पाठवलं! शिंप्याला टपालाने मोजे आले. बावीस जोड! शिंपी सहा महिने माझ्याशी बोलला नाही, पण मोजे मात्र सगळे घातले. आणि आम्ही तिघं? आम्ही त्या अंड्यांच्या खोलीत बसून पत्रं वाचायचो. फादर वाचायचे, घंटेवाला रडायचा, मी चहा करायचो. तसा चहा पुन्हा नाही झाला हो.

मग एका रविवारी सातला फादर आमच्याकडे आले. म्हणाले, आज तुमच्यात बसून बघतो. आमच्याकडे रोज सातला जपमाळ व्हायची. माझ्या लहानपणापासून, आजारपणात, लग्नाच्या आदल्या दिवशी, वडील गेले त्या दिवशीही. आई प्रार्थना सांगायची, आम्ही उत्तर द्यायचो. आणि त्या दिवशी फादर बघतायत काय, तर आई खुर्चीत पाय वर घेऊन बसलीय, थोरला भाऊ लोडाला टेकलाय, पोरं जमिनीवर पसरलीत, आणि टीव्हीतलं कुटुंब गुडघ्यावर! फादर हळूच म्हणाले, "आई, तुमची जपमाळ?"

"शू! चालू आहे ना!"

"नाही, तुमची घरची..."

"झाली की ही! त्यांनी म्हटली, आम्ही ऐकली. छान म्हणतात हो ती माणसं, आमच्यापेक्षा छान!"

फादर उठले. चहासुद्धा तसाच ठेवला. दारात मला म्हणाले, "घरोघरी प्रार्थना पोचवायला निघालो होतो रे मी. आणि घरोघरची उचलून आणली." तुम्हाला सांगतो, त्या माणसाचं तोंड एवढंसं झालं होतं. आणि खरं होतं ते! आधी रविवारची राहिली, मग रोजचीच राहिली, आमच्याच घरी जपमाळ आठ आठवडे ड्रॉवरमध्ये पडून होती, आणि मी कॅमेरामन, माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

फादरांनी काय करावं? तेरावा भाग, शेवटचा. तेविसाव्या मिनिटाला स्वतः पडद्यावर यायचं आणि म्हणायचं, "आता मी पडदा काळा करतो. टीव्हीकडे पाठ करा, एकमेकांकडे तोंड करा, आणि तुमची स्वतःची प्रार्थना म्हणा." आणि पडदा काळा! सात मिनिटं! चॅनेलच्या बाई किंचाळल्या, "काळा? सात मिनिटं? फादर, माझी नोकरी जाईल!" पण फादर हटून बसले, आणि बाईही शेवटी माणूसच, म्हणाल्या, "करा, काय व्हायचं ते होईल." फादर कॅमेऱ्यासमोर बोलले ते अगदी हळू. म्हटलं, जरा मोठ्याने, परत एकदा... "हीसुद्धा प्रार्थनाच आहे. प्रार्थनेला रीटेक नाही!"

रविवार उजाडला. मी घरीच होतो. फादर पडद्यावर दिसले मात्र, आई ओरडली, "गप्प बसा रे, फादर आले!" भाऊ पोरांवर ओरडला, "आजी काय म्हणतेय, गप्प बसा!" वहिनी भावावर ओरडली, "तुम्हीच गप्प बसा, ऐकू येत नाही!" मी ओरडलो, "अरे, ऐका, ऐका!" आणि एवढ्या ओरड्यात फादर बोलून संपले. पडदा काळा.

"गेला!" आई म्हणाली.

"आई, गेला नाही, फादरांनीच मुद्दाम..."

"तू गप्प बस! तुला काय कळतं टीव्हीतलं!"

मला! टीव्हीतलं! भावाने टीव्हीला दोन चापट्या मारल्या, मग गुडघ्यावर बसून मागे डोकं घातलं. त्याच्या मागे वहिनी, टॉर्च घेऊन. पोरं पोटावर सरपटत वायरी शोधतायत. आई गुडघ्यावर, दोन्ही हात जोडून, वर बघून, गेल्याच आठवड्यात टीव्ही दुरुस्त करून गेलेल्या मेकॅनिकचा उद्धार करतेय! भावाने दोन वायरी उपटल्या, त्यामुळे सात मिनिटांनी सगळ्यांचं चित्र आलं, आमचं काही आलं नाही. आणि नंतर कळलं ना, घरोघरी हेच! शिंप्याकडे तेच, न्हाव्याकडे तेच, मेकॅनिकच्या घरी तर त्याने टीव्ही खोललाच!

सकाळी फादर आले. सायकल भिंतीला टाकली, हो, टाकली, लावली नाही. डोळे लाल, झोपलेले नसावेत. माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "रात्री राहवलं नाही रे. पडदा काळा झाला आणि मी सायकल काढली. गल्लीगल्लीतून गेलो. खिडक्या उघड्या होत्या. अरे, काय सांगू तुला! घराघरांत सगळे गुडघ्यावर! नवरा, बायको, पोरं, म्हातारी माणसं, सगळ्यांची डोकी एका जागी! तुझ्याकडेही पाहिलं. तुझी आई... हात जोडून, वर बघून, काय तळमळून बोलत होती रे! तेरा आठवड्यांचं सार्थक झालं!"

आता तुम्हीच सांगा, काय बोलायचं? अकरा वर्षं दुपारी अडीचला बोललेला माणूस तो. त्याच्या तोंडावर तसा आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

म्हटलं, "हो फादर. आमच्याकडे तर अर्धा तास कुणी उठलं नाही."