तीन नंबरची बाटली

(प्रयोगशाळा. सकाळचे साडेनऊ. मामा काचेची भांडी विसळताहेत. ताई भाषणाची तालीम करतेय.)

ताई : मध्येच थांबवू नका हो मामा, लय तुटते. अकराला सभा आहे.

मामा : मला समजलं तर सभेला समजेल, असं तुम्हीच म्हणालात. ते सुगंधी काय ते परत सांगा.

ताई : सुगंधी अमिनो आम्लं. टायरोसिन, ट्रिप्टोफॅन. नुसतं नाव हो, वास नसतो.

मामा : वास नसतो कसा? शेवाळाच्या बाटल्या मी धुतो.

ताई : मामा! ऐका. शेवाळावर उजेड पडला की त्याच्या प्रथिनातून एक इलेक्ट्रॉन उडतो. ती रिकामी जागा भरायला पाण्यातून दुसरा यावा लागतो. अंतर लांब, एका उडीत जमत नाही. म्हणून मध्ये टायरोसिन उभं असतं. त्याच्या अंगात सहा कार्बनची कडी असते, ती इलेक्ट्रॉन सहज घेते, सहज देते.

मामा : आग लागल्यावर बादल्या हातोहात देतात, तसं.

ताई : अगदी तसं. मी रांगेतला मधला माणूसच, म्हणजे टायरोसिनच, काढून टाकला. मग काय व्हावं?

मामा : शेवाळ उपाशी मरावं.

ताई : पण मेलं नाही! तीन नंबरची बाटली तीन आठवडे उजेडात हिरवीगार. म्हणजे शेजारचं ट्रिप्टोफॅन पुढे सरसावलं, बादली त्याने धरली. हे आजवर कुणी दाखवलेलं नाही.

मामा : तीन नंबरची म्हणजे खिडकीकडची?

ताई : हो. का?

मामा : तिला ग्लुकोज द्यायचं नव्हतं?

ताई : छे! ग्लुकोजचं आयतं जेवण मिळालं तर उजेड हवाय कुणाला? कसलंही लंगडं शेवाळ जगेल... मामा, नळ बंद करा.

मामा : केला.

ताई : का विचारलंत?

मामा : तुम्ही आईपाशी दवाखान्यात होतात. इकडे ती पिवळी पडत चालली होती. आधीच्या सगळ्या लंगड्यांना मीच ग्लुकोज द्यायचो, तुमच्याच सांगण्यावरून. वाटलं, ही सांगायची राहून गेली.

ताई : किती वेळा दिलंत?

मामा : दर सोमवारी. जंतू शिरू नयेत म्हणून बर्नरच्या ज्योतीजवळ धरून, स्वच्छ हातांनी.

ताई : मी परत आल्यावरसुद्धा?

मामा : तुम्ही बाटली बघून हसलात. मग मी कशाला थांबू?

ताई : आणि आपल्या धाकटीच्या, त्या नव्या विद्यार्थिनीच्या बाटल्या? तिने हाच प्रयोग चारदा केला. चारही वेळा मेल्या.

मामा : त्यांच्या झाकणावर चिठ्ठी होती, हात लावू नये म्हणून. नाही लावला.

ताई : सरांनी तिला सगळ्यांदेखत निष्काळजी ठरवलं. घरी पाठवलं.

मामा : तुम्हीही होतात की तिथे.

ताई : होते. मीच सरांच्या कानावर घातलं होतं, तिचं काम स्वच्छ नसतं म्हणून.

मामा : हं.

ताई : मामा, बाहेरगावचे लोक येऊन बसलेत. सरांनी लेख छापायलाही दिलाय. आजचा दिवस जाऊ दे. मग मी नव्याने करून बघते, शांतपणे. तोवर हे तुमच्या-माझ्यात राहू दे.

मामा : मग म्हणजे कधी?

ताई : माझी नोकरी कायम व्हायची आहे अजून. आईचं औषधपाणी कोण करणार?

मामा : ते कळतंय हो मला.

ताई : आणखी कुणाला बोलला नाहीत ना?

मामा : काल भिंतीवर तुमचा तक्ता लावला. त्यावर 'ग्लुकोजशिवाय' असं वाचलं. आज सकाळी तुम्ही आला नव्हतात. धाकट्या ताई पुस्तकं न्यायला आल्या होत्या, म्हणून त्यांनाच विचारलं.

ताई : काय विचारलंत?

मामा : हेच, की मी देत होतो, तर त्याने काही बिघडतं का.

ताई : काय म्हणाली?

मामा : हातातली पुस्तकं परत टेबलावर ठेवली. मग विचारलं, सभा किती वाजता आहे.