सहा नंबरचं पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय फत्तेसिंहराव, व्यासपीठावर अवघडून बसलेले सत्कारमूर्ती तुकोजीराव शिर्के, वाचनालयाचे विश्वस्त, आणि रविवारची दुपारची झोप मोडून रावपुऱ्यापर्यंत आलेल्या सभासद बंधुभगिनींनो,

"बटण तुम्ही दाबा. बिघडलं तर मी दाबलं असं सांगू."

हे वाक्य चौदा वर्षांपूर्वी मी शेजारच्या खोलीत ऐकलं. मी इथे ग्रंथपाल म्हणून नवीन होते. वाचनालयाला कुणीतरी सहा जुने संगणक दिले होते, आणि रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले तुकोजीराव त्यांच्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली घालून सभासदांसाठी ते चालते करत होते. शेवटचं बटण उरलं तेव्हा ते खुर्चीवरून उठले आणि मला म्हणाले, बसा. मला घाम फुटला होता. ते माझ्या मागे उभे राहिले आणि हे वाक्य बोलले.

तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. दर दोन वर्षांनी लिनक्सची नवी आवृत्ती येते. ती घालताना बटण मी दाबायचं आणि त्यांनी मागे उभं राहायचं. दुसरा नियम तुम्ही सगळे जाणता, कारण त्यापायी तुम्ही त्यांना पुष्कळ बोलला आहात. तक्रार तोंडी घ्यायची नाही. प्रत्येक संगणकाला वहीत एक पान, आणि नवी आवृत्ती आली की जो त्यावर बसतो त्याने आपला अनुभव स्वतःच्या हाताने लिहायचा. तिसरा नियम, वहीत खाडाखोड करायची नाही. चुकीचं लिहिलं तर खाली नवी ओळ लिहा, पण वरची तशीच राहील.

ही वही म्हणजे या वाचनालयातलं सगळ्यात गमतीदार पुस्तक आहे. कांचनबेन समोर बसल्या आहेत. दोन नंबरवर त्या भजनं उतरवतात. आवृत्ती बदलली की पहिली हाक त्यांची, "स्नेहाबेन, मारी घडियाळ क्यां गई?" कारण घड्याळ कोपऱ्यातून मध्ये गेलेलं असतं. तुकोजीराव म्हणायचे, "कांचनबेन, वहीमां लखो." त्यांनी सगळं छान असल्याचं लिहून वर विचारलं, "बधुं सारुं छे. पण घडियाळ वचमां केम?" चार नंबरच्या पानावर एकाने लिहिलंय, "प्रिंटर दिसत नव्हता. आता दिसतो. पण छापत नाही." आणि खाली आठवड्याने, "छापतो. पण आता दिसत नाही."

आपण हसतो. पण मी पुस्तकांतली बाई आहे, म्हणून मला एक वाटायचं. पुस्तकाची नवी आवृत्ती आली तरी जुनी कपाटात राहते. वाटलं तर काढून वाचता येते. इथे नवी आली की जुनी त्याच जागेवरून निघून जाते, आणि माणसाने मात्र दुसऱ्या दिवशी तिथेच येऊन बसायचं. आदल्या दिवशीपर्यंत हाताला ठाऊक असलेलं कुणी न विचारता हलवलं, तर काय वाटत असेल?

हे मला सहा नंबरच्या पानाने शिकवलं. त्याची गोष्ट मी दिनकररावांची परवानगी काढून सांगते आहे. ते म्हणाले, "सांग ग पोरी. फक्त माझं वय सांगू नकोस, स्थळं येतात." म्हणून सांगत नाही.

दिनकरराव रेल्वेच्या कचेरीत हिंदी टंकलेखक होते. टाइपरायटरवर तेहतीस वर्षं. अक्षरं कुठे आहेत ते त्यांना ठाऊक नाही, त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. त्यांच्यासाठी तुकोजीरावांनी सहा नंबरवर टाइपरायटरसारखा कीबोर्ड बसवला होता आणि कोणती कळ दाबल्यावर कोणतं अक्षर उमटेल ते ठरवणारी त्याची फाइल आपल्या हाताने सुधारली होती. दर गुरुवारी दिनकरराव तिथे बसून मेलबर्नच्या नातीला, अवनीला, मराठीत पत्र लिहायचे.

गेल्या वर्षी चैत्रात नवी आवृत्ती आली. पाच संगणक नीट झाले. सहाव्यासाठी तुकोजीराव अकराला येणार होते. मी दहालाच सुरू केलं. इतक्या वर्षांनी मागे कुणी उभं असायची मला गरज नाही, असं त्या सकाळी वाटलं. ते येतील तेव्हा काम झालेलं दाखवायचं होतं.

मध्येच पडद्यावर प्रश्न आला. या फाइलमध्ये तुमच्याकडे कुणी बदल केलेले आहेत, ती जुनी ठेवू की नवी घालू? मी विचार केला, नवी आवृत्ती घालतोय तर जुनं कशाला? आणि 'नवी' म्हटलं. अकराला तुकोजीराव आले, म्हणाले, "अरे वा! मध्ये काही विचारलं का त्याने?" मी म्हटलं, "नाही काका."

का म्हटलं? याचं उत्तर मी वर्षभर शोधते आहे.

महिन्याने त्यांनी वही उघडली. पाच पानं भरलेली, सहावं कोरं. "दिनकरराव?" मी म्हटलं, "ऊन आहे, म्हणून येणं थांबलं असेल." त्यांनी वही पिशवीत घातली आणि म्हणाले, "चला, कारेलीबागेत त्यांच्या घरी जाऊन येऊ."

दिनकरराव घरी एकटे बसले होते. आधी हसून उडवून लावलं. मग दाराकडे बघत हळूच म्हणाले, "शिर्के, मशीनला काही झालेलं नाही हो. माझीच आवृत्ती जुनी झाली. 'अवनी' लिहायला जातो आणि भलतंच उमटतं. तीन गुरुवार बसलो. नातीचं नाव लिहिता येत नाही, म्हणजे डोकं गेलं ना? मुलाला बोलू नका. तो लगेच डॉक्टरकडे नेईल, आणि मग ते ठरूनच जाईल."

तुकोजीरावांनी जेवणाच्या टेबलावरच्या डिशा बाजूला केल्या. "लिहा, प्रिय अवनी."

"कशावर?"

"टेबलावर. बोटं ठेवा आणि लिहा."

दिनकररावांनी मेणकापडावर बोटं ठेवली. ती चालायला लागली, आणि खोलीत फक्त टेबलावर नखं वाजत होती. तुकोजीरावांनी वहीच्या मागच्या पानावर कळांचा नकाशा काढला होता. ते एकेक बोट त्याच्याशी ताडून बघत होते. शेवटी म्हणाले, "पुन्हा लिहा." पुन्हा तसंच. मग त्यांनी चष्मा काढला.

"दिनकरराव, एक अक्षर चुकलेलं नाही. तुम्ही शाबूत आहात. मशीन चुकलंय. फाइल मी बदलली, माझी चूक."

मी तिथे उभी होते. हातात पाण्याचा पेला होता. मी काही बोलले नाही.

परतताना त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी म्हटलं, "काका, तो प्रश्न मला आला होता." ते म्हणाले, "ठाऊक आहे. मशीन वेळेची नोंद ठेवतं. तेव्हा मी घरी पोहे खात होतो." मी विचारलं, "मग तुमची चूक का म्हणालात?" ते म्हणाले, "ठरलेलंच होतं की."

दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात जुनी फाइल परत आली. दिनकररावांनी पत्र लिहिलं आणि वहीत अनुभवही लिहिला, "बोटे शाबूत. यंत्र चुकले होते." त्याखाली तुकोजीरावांच्या अक्षरात ओळ आहे, "चूक: तु. शिर्के."

दिनकरराव, परवानगी घेताना मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली होती. ती चूक माझी होती. तुमचा तो महिना मी घेतला. तुमची माफी मागायला घरी यायला हवं होतं. धीर झाला नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर मागते.

तुकोजीराव उद्या लेकीकडे कोइमतूरला जात आहेत. पुढच्या आवृत्तीला बटण मी दाबेन, मागे कुणी नसेल. प्रश्न आला तर थांबेन, आणि आधी जाऊन विचारेन की इथे कोण बसतं.

विश्वस्तांचे, अध्यक्षांचे आणि तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलणं लांबलं, चहा गार झाला, एखादं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर पदरात घ्या.

आता एकच मागणं. काका, वही मी बरोबर आणली आहे, सहा नंबरचं पान उघडलं आहे आणि हे पेन. नियम तुमचा आहे, म्हणून तुम्हालाच विचारते. त्या शेवटच्या ओळीतलं तुमचं नाव मला खोडू द्या. फक्त एवढी एकच खाडाखोड.

तुमची मान आत्ताच हलायला लागली आहे, ते मला इथून दिसतंय. तरी मागते.