चौथ्या सायकलची हजेरी

नाव: ओळखपत्रात आहे त्याप्रमाणे. वय: ६८ वर्षे (मुलाने दिलेल्या खबरीत ७२ लिहिले आहे, ते चूक). व्यवसाय: सेवानिवृत्त, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षे ऑपरेटर. राहणार: सध्या तळ्याकाठच्या अलीकडच्या गावात, बेकरीच्या वरच्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत. राहते घर मुलाने दुसऱ्यांना राहायला दिले असल्यामुळे कायमचा पत्ता मला विचारू नये, त्याला विचारावा.

मी आज दुपारी सव्वातीन वाजता ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी हरवलेली नव्हते. खबरीत माझ्या वर्णनापुढे ‘विसराळू’ असा शब्द आहे. आज कोण कोणाला विसरले हे पाहता तो शब्द चुकीच्या माणसापुढे पडला आहे. तो काढावा. ‘कपडे: आठवत नाहीत’ हे राहू द्यावे, ते खरे आहे.

मुलगा, सून, आठ वर्षांची नात आणि मी असे चौघे गेले सात महिने फिरत आहोत. मुलाने नोकरी सोडली, नातीची शाळा लॅपटॉपवर आणली आणि “आई, तुला एकटीला मागे ठेवून आम्ही जाऊ का?” असे म्हणून मला बरोबर घेतले. हे वाक्य मी मुद्दाम लक्षात ठेवले आहे.

आम्ही सायकलवर निघालो की एका ओळीत चालतो. दुसऱ्याच महिन्यात मुलगा स्वतः रस्ता चुकला, तेव्हापासून नियम असा, की प्रत्येक वळणावर पुढून मागे आकडे म्हणायचे. एक मुलगा, कारण नकाशा त्याच्याकडे. दोन सून. तीन नात. चार मी. चार ऐकू आल्याशिवाय कोणी पुढे जायचे नाही. दुसरा नियम माझा आहे. मुलगा चार वर्षांचा असताना बाजारात हरवला होता, तेव्हा मी घालून दिलेला: जो मागे राहिला त्याने जागा सोडायची नाही, बाकीच्यांनी परत यायचे.

आज सकाळी आठ चाळीसला आम्ही या गावाला यायला निघालो. अंतर अठरा किलोमीटर. माझा फोन मुलाने आपल्या पिशवीत ठेवला. “आई, तू दर दहा मिनिटांनी बदकांचे फोटो काढत थांबतेस, आपण पोचायचं कधी?” एकंदर दोन बदके झाली होती.

नऊ पस्तीसच्या सुमारास, चढ संपतो तिथे, माझ्या सायकलची साखळी उतरली म्हणून मी थांबले.

इथे हवालदारांनी लिहिणे थांबवून माझ्या हातांकडे पाहिले. हात स्वच्छ होते. साखळी चढवलेल्या बाईची नखे अशी नसतात हे मलाही कळते. वरचे वाक्य खोडावे. साखळी उतरली नव्हती. मला दम लागला होता.

गेले तीन आठवडे चढावर दम लागतो. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. मुलगा मागेच म्हणाला होता, “झेपत नसेल तर स्पष्ट सांग आई, तुला ताईकडे पोचवून येतो.” ताई म्हणजे माझी मुलगी. तिचे घर चांगले आहे. मला द्यायच्या खोलीच्या खिडकीतून पार्किंग दिसते.

चढाजवळ होड्या दुरुस्त करणाऱ्याची शेड आहे. त्याने मला सावलीत बाक आणि पाणी दिले. नियमाप्रमाणे मी तिथेच बसले. पुढची तिन्ही वळणे तिथून दिसत नाहीत. त्या वळणांवर काय झाले ते मी आता ठाण्यात ऐकले आहे. मुलाने एक म्हटले, सुनेने दोन, नातीने तीन आणि नातीनेच चार. माझ्या आवाजात. पहिल्या वळणावर, दुसऱ्या वळणावर आणि तिसऱ्यावरही. तिसऱ्या वळणावरचा चार जरा बारीक आला असे सून म्हणते. तरी मागे वळून कोणी पाहिले नाही.

एकतीस वर्षे लोक तारेच्या पलीकडून माझा आवाज ओळखत. एक गृहस्थ तर माझ्या ‘हॅलो’वरून मला सर्दी झाली आहे हे सांगत. पोटच्या मुलाला अकरा किलोमीटर कळले नाही.

गावात शिरल्यावर ते मोजायला उभे राहिले, तेव्हा माणसे तीन होती. चार शेवटचा तिसऱ्या वळणावर ऐकला होता, म्हणून तिथून गावापर्यंतचाच रस्ता शोधला गेला. तिथे रस्ता पाण्याला लागून जातो. मुलगा ठाण्यात आला. साडेबाराला ठाण्याने तळ्यात दोन होड्या घातल्या. मी बाकावरून लांब पाण्यावर त्या होड्या पाहिल्या. एकाच जागी हळूहळू फिरत होत्या. आज मासे बरे दिसतात, असे मी शेडवाल्याला म्हटल्याचे मला आठवते.

होड्या निघाल्यावर पाऊण तासाने नातीने सांगितले, “चार मीच म्हणाले. आजीला बोलताना धाप लागते. बाबाला कळलं तर तो तिला आत्याकडे पाठवेल. मला वाटलं ती येईल, रोज येते तशी.” त्यानंतर पोलिसांची गाडी दोन वाजता थेट शेडवर आली.

मला ठाण्यात आणले तेव्हा मुलगा तिच्यावर ओरडत होता. “खोटारडी! दोन तास तोंड शिवून बसलीस?” सून म्हणाली, “अरे, तिच्यावर काय ओरडतोस? आपण तरी मागे पाहिलं का?” “मी पुढे बघून चालवू की मागे?” मला पाहिल्यावर तो म्हणाला, “आई, जेवलीस का?” जेवले नव्हते.

हवालदारांनी विचारले, नातीला असे करायला तुम्ही सांगितले होते का? नाही. पण दहा-बारा दिवसांपूर्वी एका चढावर तिने माझा आकडा पहिल्यांदा म्हटला, तो मी ऐकला. श्वास वाचला म्हणून गप्प राहिले. तेव्हापासून रोज गप्प राहत आले. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत एकीने दुसरीच्या नावाला ‘हजर’ म्हटले तर सिस्टर दोघींना वर्गाबाहेर उभे करत, आणि ते ऐकून गप्प बसलेलीला जास्त वेळ. नातीने पोलिसांची दिशाभूल केली अशी नोंद होणार असेल तर ती माझ्या नावावर करावी.

हवालदारांनी असेही विचारले की शेडवाल्याकडे फोन होता, त्याने तो पुढेही केला होता. मुलाचा नंबर पाठ नव्हता का? पाठ आहे. मला निदान दोनशे नंबर पाठ आहेत. मग केला का नाही? मला बघायचे होते, किती वेळाने कळते. होड्या माझ्यासाठी आहेत हे ठाऊक असते तर केला असता. नात तेव्हा काठावर उभी होती, हे ठाऊक असते तर नक्कीच केला असता.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पुढच्या व्यवस्थेबद्दल एवढेच सांगते: डॉक्टरला मी उद्या दाखवीन. त्यांनी सायकल बंद म्हटले तर बंद. पण ते डॉक्टर म्हणतील, मुलगा नाही. आणि चालवायची म्हटली तर ओळ बदलेल. शाळेत रांगेत सर्वांत बुटकी मुलगी पुढे असे आणि लांब टांगांच्या मुली तिच्या चालीने चालत. सहलीला एकही हरवली नाही. यापुढे एक मी. दोन नात. तीन सून. नकाशा मला वाचता येतो.

वरील जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्यामुळे तो बाहेरच्या बाकावरही ऐकू गेला. शेवटचा परिच्छेद वाचून झाल्यावर बाहेरून “चार” असा आवाज आला. हा पुन्हा नातीने काढला का, असे हवालदारांनी विचारले. नाही. हा माझ्या मुलाचा आवाज आहे. रडून झाल्यावर तो असाच येतो, चार वर्षांचा होता तेव्हापासून. मी ओळखला. तसे लिहून घ्यावे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे, खाडाखोड एका ठिकाणी असून ती माझ्या सांगण्यावरून आहे. म्हणून सही करते.