पेटीची डावी बाजू

जबाब देणार : श्रीमती जगदेवी मडिवाळप्पा कलशेट्टी, वय ५८ वर्षे, धंदा : लूम (यंत्रमाग) कारखान्यात सुताच्या कांड्या भरणे, रा. भवानी पेठ, सोलापूर.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर सून दानेश्वरी हिच्यासह राहते. पती हयात नाहीत. मुलगा सोमशेखर, वय ३४, हा आधी लूमवर होता. लूम बंद पडल्यावर शिकून तो परराज्यात एका कंपनीत लागला. तेथे कायमचे बंद केलेले जुने अणुवीज केंद्र पाडण्याचे काम चालू आहे. आत माणसाने जायचे नाही, यंत्राने जायचे. सोमशेखर बाहेर पडद्यासमोर बसून यंत्राचा हात चालवीत असे व तो हात आतले लोखंड कापून पिंपात टाकी. "आई, भट्टी तितं, मी हितं. मधी जाड भिंत हाय," असे तो सांगे. पोरगा खुर्चीत बसून काम करतो, हे मी गल्लीभर सांगितले होते. मला त्याचा लई अभिमान होता.

मागील महिन्यात कापलेला तुकडा चिमट्यात अडकून यंत्र बंद पडले, असे सोबतचा कामगार अभिमन्यू याने मला सांगितले. दुसरे यंत्र येईपर्यंत थांबायचे, असा नियम आहे. सोमशेखर दुरुस्तीचे दार उघडून आत गेला व हाताने तुकडा ओढून काढला. शिकलेल्या माणसाने असे का केले, असे आपण विचारले. आमच्या पेठेत सुताची तार तुटली म्हणून लूम थांबवत नाहीत. चालत्या लूममध्ये हात घालायचा, तार जोडायची, हात काढायचा. मिसरूड फुटण्याआधीपासून तो हेच करीत होता. कंपनीने कागदात 'स्वतःचा निष्काळजीपणा' असे लिहिले आहे. ते खोटे आहे, असे मला म्हणता येत नाही.

तुकड्यातील किरणे अंगात गेल्याने त्याला मुंबईच्या दवाखान्यात ठेवले, तेथे मी त्याला काचेतून पाहिले. कपड्यांबरोबर त्याच्या गळ्यातील इष्टलिंगही काढून पिंपात सीलबंद केले होते. त्यावर आतली विषारी धूळ बसली होती, असे समजले. आम्ही लिंगायत. लिंग जन्मापासून अंगावर असते आणि माणसाबरोबर मातीत जाते. तो गळ्याकडे बोट करून म्हणे, "तेवढं आणून दे की." मी कंपनीच्या साहेबांना विचारले. ते म्हणाले, पिंप काही शे वर्षे उघडता येणार नाही. मी म्हणाले, "मग थांबते की." आमच्या मठाच्या स्वामींनी दुसरे लिंग पाठवले, ते आत सोडले नाही. त्यानंतर चार दिवसांनी सोमशेखर मयत झाला.

काल सकाळी त्यास शिशाच्या बंद पेटीत सोलापुरास आणले. आमच्यात मयतास बसवून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून पुरतात. पेटी आडवी होती व उघडण्यास मनाई होती. भावकीतील शरणबसव याने चौघांसह गाडी अडवून पेटी उघडण्याचा आग्रह धरला. त्याने कोणास मारले नाही. मीच त्याचा दंड धरला व म्हणाले, "ह्यो एक आत गेला तेवढं पुरं. आता कुणाचा हात आत जायचा न्हाय." नंतर तो बाजूला बसून रडला. त्याच्यावर गुन्हा घालू नये.

खड्डा आडवा खोदला. किरणे बाहेर येऊ नयेत म्हणून वर काँक्रीट टाकायचे होते. ते टाकण्यापूर्वी मी माझ्या गळ्यातील लिंग सोडून पेटीवर, त्याचा डावा हात असेल त्या बाजूस ठेवले. पेटीला डोके कुठे व पाय कुठे हे बाहेरून कळत नव्हते. त्यामुळे ती बाजू डावीच होती काय, हे मला सांगता येणार नाही.

लिंगपूजा झाल्याशिवाय मी अन्न घेत नाही, म्हणून कालपासून जेवले नाही. सून म्हणते, नवीन लिंग घ्या. बघू म्हटले आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. तक्रार करून मिळेल असे काही राहिलेले नाही.

हवालदार गुरप्पा यांनी हा जबाब मराठीत लिहून मला कन्नडमध्ये समजावून सांगितला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. लिहिता येत नसल्याने अंगठा देत आहे.

जगदेवी मडिवाळप्पा कलशेट्टी
डाव्या हाताचा अंगठा